पोटातलं पाणी

परवा माझा मेहुणा घरी आला, मोबाईल माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाला, "दाजी, जुनी फोर-बाय-फोर घ्यायचीय. थोडी उंच करून घेऊ, मोठे टायर टाकू, सुट्टीच्या दिवशी सातपुड्यात घालू. तुम्हाला यातलं कळतं म्हणे. कोणती घेऊ?"

माझं टाळकंच सटकलं. "मला काही कळत नाही," म्हणालो, "आणि डोंगरात जायची एवढी हौस असेल तर पायानं जा की!" बायकोनं स्वयंपाकघरातून डोळे वटारले. मेहुणा बिचारा चहा न घेता निघून गेला. मी तोंडाचा फाटका आहे हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे, पण हा राग कशाचा ते बायकोला कळलं. तिनं त्याचा चहा मला आणून दिला.

कळतं मला. चांगलं कळतं. जुनी जीप घ्यायची तर रंग बघायचा नाही, चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, कुठं वेल्डिंग मारलंय का ते बघायचं. मालक आधीच इंजिन गरम करून बसला असेल तर समजायचं की थंडीत ती सुरू व्हायला रडते. लो गिअर टाकून चढावर नुसती उभी करायची, आणि मागं सरकते का ते बघायचं. हे सगळं मी भटूभाऊंच्या मागं हिंडून शिकलो, आणि हिंडायला लागलो तेव्हा त्या माणसाला स्वतःला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. सायकलवरून शाळेत येणारा माणूस तो.

भटूभाऊ आमच्या धुळ्याच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. चोवीस वर्षं. मी विज्ञान शिकवायचो म्हणजे फळ्यावर लिहायचो. खरं विज्ञान आतल्या खोलीत भटूभाऊ करायचे. किडकिडीत अंगकाठी, ॲसिडनं दोन ठिकाणी भोक पडलेला पांढरा कोट, खिशाला कायम सहा इंची पट्टी. एकदा बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "अहो, द्या पोराला अंदाजे दहा ग्रॅम." भटूभाऊ म्हणाले, "अंदाजे कसे देऊ साहेब? दहा देतो." आणि तराजू स्थिर होईपर्यंत परीक्षकाला, पोराला आणि मला तिष्ठत ठेवलं. वर मला ऐकवलं, "अंदाज म्हंजे आळस, सर."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. त्यांच्या गल्लीत टँकर आला की भांडणं, आणि भांडणं झाली की भटूभाऊंना हाक. ते खुणा केलेली काठी घेऊन यायचे, टाकीत बुडवायचे, किती लिटर उतरलं ते सांगायचे, की विषय संपला. कुणी त्यांच्या काठीवर शंका घेतल्याचं मी ऐकलं नाही.

आणि अशा माणसाची बायको इंदूवहिनी! सगळा कारभार मुठीनं आणि चिमटीनं. "हातले कळस," म्हणायच्या, म्हणजे हाताला कळतं. भटूभाऊंनी एकदा गुपचूप त्यांची मिठाची मूठ सात दिवस तोलली. आठव्या दिवशी प्रयोगशाळेत येऊन मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "सर, रोज तेवढीच भरस. बाईना हात नही, तराजू शे." त्या दिवशीइतका खूश झालेला तो माणूस मी नंतर एकदाच पाहिला. मूलबाळ नव्हतं. एकमेकांचंच कौतुक करायचं दोघांनी, बस.

दिवाळीच्या सुट्टीत वहिनींची कंबर दुखायला लागली. आधी वाटलं, फराळाचं जास्त झालं. मग जळगावला मोठ्या डॉक्टरांकडं नेलं, तेव्हा मीही बरोबर होतो. मेहरूणला माझी बहीण राहते, तिच्याकडं उतरलो होतो. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. आजार कुठून तरी सुरू होऊन मणक्यात उतरला होता. ते म्हणाले, "मणका खडूसारखा झालाय. दुखण्यावर औषध देतो. पण धक्का बसता कामा नये. एक जोराचा धक्का बसला तर पाय जातील." भटूभाऊंनी विचारलं, "जोराचा म्हणजे किती, साहेब?" डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. "आणि किती दिवस?" तर ते म्हणाले, "उन्हाळा दिसेलच असं नाही सांगता येत."

घरी आल्यावर वहिनींनी एकच मागितलं. "माले एकदाव मायले भेटनं शे."

वहिनींचं माहेर शिरपूरच्या वर, सातपुड्यात. वडील तिथल्या आश्रमशाळेत स्वयंपाकी होते, ते तिथंच पाड्यावर राहिले आणि तिथंच गेले. आता भाऊ रतन थोडी शेती करतो आणि म्हातारी आई खाटेवर. दोन वर्षांपूर्वी तिचं खुब्याचं हाड मोडलं ते बसलंच नाही. आईलाच खाली आणू म्हणून भटूभाऊंनी निरोप धाडला, तर म्हातारीचं उत्तर आलं, "मी आते ह्या घरमाईन निघसू ते एकदावच." म्हणजे लेक खाटेवर, आई खाटेवर, आणि मध्ये डांबरी रस्ता संपल्यावर अकरा किलोमीटरचा नाला. नालाच. पाण्यातून, दगडांवरून, चार ठिकाणी उभा चढ. रुग्णवाहिका डांबर संपतं तिथं थांबते आणि ड्रायव्हर विडी पेटवतो.

रतनचं म्हणणं सरळ होतं. "दाजी, आठ जण येतो, खाट खांद्यावर घेतो. आमच्याकडं सगळे आजारी असेच उतरतात, असेच चढतात." भटूभाऊ म्हणाले, "आणि एकाचा पाय सरकला तर?"  मग स्वतःच म्हणाले, "गाडी घेतो."

आता गंमत बघा. नाल्यातून चढणारी गाडी पाहिजे, म्हणजे उंच पाहिजे, चारी चाकं ओढणारी पाहिजे. अशा गाड्या असतात कडक. घोड्यासारख्या उडतात. आणि यांना पाहिजे होती तीच गाडी, पण मऊ, मागं पाच फुटांची बाई आडवी झोपेल आणि तिला कळणारही नाही अशी. आपण म्हणतो ना, गाडी अशी चालली की पोटातलं पाणी हललं नाही? बोलायची एक पद्धत आहे ती. पण भटूभाऊंनी ते मोजायला घेतलं.

पहिल्या रविवारी आम्ही नरडाण्याला एका ठेकेदाराची जीप बघायला गेलो, तेव्हा त्यांनी पिशवीतून पाचशे मिलीचा बीकर काढला. सोबत एक पसरट ट्रे आणि मोजपात्र. मागच्या भागात, जिथं वहिनींची कंबर येईल तिथं, ट्रे ठेवला, ट्रेमध्ये बीकर, बीकर काठोकाठ भरला आणि ठेकेदाराच्या मुकादमाला म्हणाले, "चला, त्या खड्ड्यांमधून घ्या. बैलगाडीच्या चालीनं."

मुकादम माझ्याकडं बघायला लागला. म्हणाला, "हे काय, लिंबू-मिरची बांधायची नवीन पद्धत का?"

गाडी खड्ड्यांतून गेली. भटूभाऊंनी ट्रेमधलं सांडलेलं पाणी मोजपात्रात ओतलं, डोळा पातळीला आणून वाचलं आणि वहीत लिहिलं: नरडाणा, २१० मिली. मग वाळूत घातली, तर मागची चाकं गरगर फिरली आणि पुढची ढिम्म. लिव्हर टाकलेलं, दिवा लागलेला, पण पुढं ताकदच जाईना. शेवटी मुकादमानं कबूल केलं की पुढचा दांडा मालकानं केव्हाच काढून ठेवलाय. "डिझेल लई पिते ना साहेब, चारही चाकं लावली की!" आमच्या खानदेशात हे घरोघरी करतात. गाडी चार चाकांची घ्यायची आणि दोनावर चालवायची. मी त्याला दोन शब्द सुनावले. भटूभाऊ मात्र चिडले नाहीत. वहीत खाली बारीक अक्षरात लिहिलं: पुढचा दांडा नाही.

मग हे दर रविवारी सुरू झालं. पुढं पुढं शनिवारी दुपारीही. अमळनेर, पारोळा, चोपडा. कुठं मागं जागा कमी, कुठं चासी तुटून जोडलेली, कुठं दीडशे मिली, कुठं एकशे ऐंशी. मोबाईलवर जाहिरात दिसली की भटूभाऊ सगळ्यात आधी विचारायचे, "मागची फळी किती लांब आहे? मोजून सांगा, अंदाजे नको." जाहिरातवाले फोन ठेवून द्यायचे. मधल्या सुट्टीत पोरं शिकवणीतले प्रश्न घेऊन यायची, तर हे माझ्याकडून स्प्रिंगचा नियम समजून घेत बसलेले असायचे. मी नियम सांगायचो. तेवढंच तर मला येतं.

डिसेंबरात वरणगावला गेलो. शस्त्रांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक आबा, त्यांची जीप. काय जीप होती! सीटवर पांढरे अभ्रे, टूलबॉक्समध्ये पाने आकाराप्रमाणं लावलेले. आबांनी बीकर बघितला आणि हसले नाहीत. "कोणासाठी?" विचारलं. भटूभाऊंनी सांगितलं. आबांनी स्वतः गाडी चालवली, रेल्वेच्या बाजूच्या खडकाळ रस्त्यानं, इतकी जपून की मलाच झोप यायला लागली. ट्रेमधलं पाणी भरलं साठ मिली. साठ! तोवर शंभराच्या आत कुणी आलं नव्हतं.

मी म्हणालो, "झालं. घ्या."

भटूभाऊ वही बघत राहिले. "चाळीसच्या आत पाहिजे, सर."

"चाळीस कुठून आलं?"

"नाला या रस्त्यापेक्षा दीडपट वाईट आहे. मी चालत जाऊन मोजून आलोय. इथं चाळीस म्हणजे तिथं साठ."

"अहो, आणि साठला काय होतं आणि नव्वदला काय होतं, ते तरी डॉक्टरांनी सांगितलंय का तुम्हाला?"

"नाही ना सांगितलं!" ते एकदम ओरडले. चोवीस वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "नाही सांगितलं म्हणूनच ना, सर! अंदाजानं घेऊन जाऊ का तिला?"

आबा म्हणाले, "भाऊ, मी स्वतः येतो चालवायला. गाडी विकत नका घेऊ. एक दिवस घ्या." मला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं. भटूभाऊंनी मान हलवली. "विचार करून सांगतो." येताना मी एसटीत त्यांना इतकं बोललो, इतकं बोललो की माझाच घसा बसला. ते खिडकीतून बाहेर बघत होते. पुढच्या आठवड्यात त्यांनी आबांना फोन केला, तेव्हा जीप गेलेली होती. त्या वेळी वहिनी अजून उशीला टेकून बसत होत्या, हे मला विसरता येत नाही.

संक्रांतीला बायकोनं दिलेले लाडू घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. भटूभाऊ चोपड्याला गाडी बघायला गेलेले. शेजारच्या शोभाताई वहिनींपाशी बसायच्या, त्यांनी दार उघडलं. वहिनी आता आडव्याच. चेहरा एवढासा झालेला, पण बोलणं तेच.

"सर, आज कितलं पानी सांडनार शे?" त्यांनी विचारलं आणि हसल्या. मग हसू पुसलं गेलं. "त्यासले सांगा ना, घरमा बठा म्हना. दिवाळीपासून मी नवऱ्याचं तोंड रविवारी पाहिलं नही. आते शनिवारी बी नही. रातले येतस ते वही मांडीवर घेऊन बठतस. माले सांगतस, एकशे दहा, एकशे वीस. मी काय त्या बीकरमधलं पानी शे का? सांडसू ते सांडसू! माले मायले भेटनं शे."

"सांगतो, वहिनी."

"माय बी वाट पाहीसन थकी जाई. म्हातारं मानूस शे."

मी सांगितलं भटूभाऊंना. दुसऱ्या दिवशी, प्रयोगशाळेत, जसंच्या तसं. ते परीक्षानळ्या पुसत होते. पुसता पुसता थांबले. म्हणाले, "सर, रात्री ती कूस बदलते ना, तेव्हा दातांत पदर धरते. तिला वाटतं, की मी झोपलोय. खाटेवर, गादीवर, घरात ही गत. आणि तुम्ही म्हणता नाल्यातून न्या." मग पुन्हा नळी पुसायला लागले. 

शेवटी गाडी मिळाली जळगावात. सवारी वाहून म्हातारी झालेली लांब जीप, पण पुढचा दांडा जागेवर, चासी साबूत, मागं पाच फूट आठ इंच. पाणी मात्र दोनशे चाळीस! मी कपाळाला हात लावला. भटूभाऊ तिला घेऊन मेहरूणला सलीमचाचांकडं गेले. सलीमचाचा कमानपाट्यांचं काम करणारे, बाप-आजापासून. गाडीचं सगळं ओझं ज्या लोखंडी पट्ट्यांच्या थरावर बसतं ते कमानपाटे. चाचांनी चाकाजवळ बसून बोटांनी पाटे मोजले आणि म्हणाले, "भटूभाई, सवारीवाल्यानं दोन पाटे जादा घातलेत. वीस माणसं कोंबायची होती ना त्याला. काढतो. आणखी एक गोष्ट सांगू? रिकामी गाडी नाचते, भरलेली बसते. खाली वजन टाक."

मग महिनाभर हेच. भटूभाऊ गाडी चालवायलाही तिथंच, चाचांकडून शिकले. पाटा काढायचा, मेहरूण तलावाच्या कडेनं फिरवायची, पाणी मोजायचं. सरकीची चार पोती तळाशी बांधली. पाणी नव्वदवर आलं. पोत्यांवर फळी, फळीखाली ट्रकच्या ट्यूब अर्ध्या हवेच्या, वर कापसाची गादी. पंचावन्न. टायरची हवा कमी केली. अडतीस. गाडी उंच करायला चाचांनी कमानींच्या खाली ठोकळे घातले, म्हणजे दगडाला पोट लागायला नको. पाणी परत वाढलं, परत एक पाटा काढला. चाचा बजावायचे, "पाटा काढला की मऊ होते, पण कमजोर भी होते. याद ठेव." मुलं डोंगरात मजा मारायला गाडी उंच करतात, चाचांनी तशा शेकडो केल्या असतील. ही गाडी करताना मात्र ते जेवणाचा डबा बाजूला सारून काम करायचे.

फेब्रुवारीतला शनिवार होता. दुपारी चाचांच्या अंगणातून गाडी निघाली, खड्ड्यांतून, खडीवरून गेली, परत आली. भटूभाऊंनी मोजपात्र उजेडाकडं धरलं. बावीस मिली.

मी नाचलो. चाचांनी वर बघून हात जोडले. आणि भटूभाऊ! तो माणूस हसला. सगळे दात दिसले. मिठाच्या मुठीनंतर हे दुसऱ्यांदा.

"बस झालं, भटूभाई," चाचा म्हणाले. "आता जा. बाईला घेऊन जा."

भटूभाऊ गाडीभोवती एक चक्कर मारून आले. "चाचा, डावीकडचा एक पातळ पाटा काढला तर विसावर येईल ना?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना वाटलं, मी ओरडेन. दर वेळी मीच ओरडायचो. आणि त्या दिवशी, देवाशपथ सांगतो, माझ्याही डोक्यात ते आकडे शिरले होते. मी म्हणालो, "एवढं केलंच आहे तर करून टाका. एका दिवसानं काय होतंय?"

मी म्हणालो हे. दुसरं कुणी नाही.

रात्री माझ्या बहिणीकडं राहिलो. रविवारी सकाळी चाचांनी पाटा काढला. वीस आलं. एकोणीसही म्हणता आलं असतं. दुपारी एकच्या सुमारास आम्ही धुळ्याला त्यांच्या दारात गाडी उभी केली. भटूभाऊंनी हॉर्न वाजवला, तसा त्यांचा स्वभाव नव्हता. आतून शोभाताई आल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं की काही तरी झालंय.

"वहिनी गेल्या," त्या म्हणाल्या. भटूभाऊंचा हात स्टिअरिंगवरून खाली पडला. "तसं नाही हो भाऊ, तसं नाही! माहेरी गेल्या. त्यांनीच काल रतनभाऊंना फोन लावायला सांगितला. सकाळी सहाला रुग्णवाहिका घेऊन आले, सात-आठ माणसं होती. मी म्हटलं, भाऊंना कळवू द्या, तर म्हणाल्या, त्यासले सांगशीन ते ते माले जाऊ देवाव नहीत."

भटूभाऊ आत गेले. खाट रिकामी. उशी नीट ठेवलेली. बाहेर आले, गाडीत बसले, मीही बसलो.  मी दोनदा रतनला फोन लावला, लागला नाही; वर रेंज कधी असते, कधी नसते.

डांबर संपलं तिथं ती रुग्णवाहिका उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, "नेलं की खाटेवर. दहा वाजताच चढले. बाई तर गाणं म्हणत होती."

मग आमची गाडी नाल्यात उतरली. आणि काय सांगू, ती गाडी अशी गेली! दगडांवर चाक चढायचं आणि उतरायचं, आत काही कळायचं नाही. पाण्यातून गेली, चारही चढ लो गिअरमध्ये चढली. कुठं आदळली नाही, कुठं घसरली नाही. मी मागं वळून बघितलं, तर गादीवरची पांढरी चादर एका बाजूनंसुद्धा सरकली नव्हती. भटूभाऊंनीही आरशात ते बघितलं असणार. त्यांनी आरसा दुसरीकडं वळवला.

पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. रतनच्या घरासमोर माणसं उभी होती. ती बाजूला झाली, कुणी नजरेला नजर देईना. आत दोन खाटा एकमेकींना चिकटून. एकीवर म्हातारी, एकीवर वहिनी. म्हातारीचा हात लेकीच्या केसांत.

"तुमी उनात का?" वहिनींनी विचारलं, म्हणजे आलात का. "कितला दिन लायात!" आणि हसल्या. इतक्या महिन्यांत त्यांचा चेहरा असा सैल झालेला मी पाहिला नव्हता. दुखण्याची आठीच गेली होती. "मायनी माले वळखी लिधं. हात लाईसन."

भटूभाऊ खाटेच्या पायथ्याशी बसले. "दुखतंय का?"

"नही. तिसऱ्या चढवर खाट थोडी कलनी, मंग दुखनं बठ्ठं गप व्हई गयं."

भटूभाऊंनी त्यांच्या पायावरचं पांघरूण बाजूला केलं. अंगठा दाबला. "इथं?" "नही." तळव्यावर नखानं ओढलं. "इथं?" "नही." घोटा. पोटरी. गुडघा. एकेक वीत वर सरकत ते विचारत गेले, हलक्या आवाजात, आणि वहिनी तितक्याच हलक्या आवाजात नाही म्हणत गेल्या. कमरेपाशी त्या म्हणाल्या, "हां, इथं कळस." भटूभाऊंनी पांघरूण परत घातलं, चारी बाजूंनी नीट खोचलं. वहिनींनी त्यांचा हात धरला. म्हणाल्या, "पाय कसाले लागतस आते? जिथं यानं व्हतं तिथं उनू ना मी."

भटूभाऊंनी मान हलवली. थोडा वेळ हात तसाच राहू दिला. मग उठून बाहेर गेले.

वहिनी पुढं महिन्याच्या वर जगल्या, तिथंच, आईला चिकटून. भटूभाऊ परत खाली आले नाहीत. नोकरीचा राजीनामाही रतनच्या हातून आला. मी जायला पाहिजे होतं, गेलो नाही. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही, हे खरं कारण. म्हणून माझ्या डोळ्यांपुढचे भटूभाऊ त्या संध्याकाळचेच आहेत.

मी त्यांच्या मागोमाग बाहेर आलो, तर ते कुठं दिसेनात. मग जीपच्या खालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. चपला निघालेल्या, नाल्याचा चिखल सुकलेला. ते गाडीखाली उताणे पडले होते. कमानी बघताहेत असं मला वाटलं. मग खालून हुंदका ऐकू आला, आणि मी जवळ गेलो नाही.

घरातून म्हातारीचा आवाज आला. तिला काय झालंय ते कुणी सांगितलं नव्हतं. "अरे रतन, जावई उनात ना? पाय धोवाले पानी द्या त्यासले!"

रतन तांब्या घेऊन बाहेर आला. तिसऱ्या चढावर ज्याचा पाय शेवाळ्यावरून सरकला तो रतनच होता, हे मला पाड्यावरच्या कुणी तरी एव्हाना सांगितलं होतं. तो जीपपाशी येऊन उभा राहिला. "दाजी," म्हणाला.   तो मातीत बसला, त्यानं तांब्या कलता केला आणि ते दोन पाय धुवायला लागला, आधी उजवा, मग डावा, बोटांच्या बेचक्यांतला चिखल काढून. भटूभाऊंनी पाय ओढून घेतले नाहीत.